म्हाताऱ्याने मान टाकली

एक सांगतो, कॅमेऱ्याला लाडाचं नाव कधी ठेवू नका रे. मी ठेवलं होतं, 'म्हातारा'.

शांती नगरला राहायचो तेव्हा. मोठ्या फिल्मचा, जुना, लाकडी, चांगला जड कॅमेरा. मित्राने बजावलं होतं, ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायला तीन दांड्यांचं दणकट हेड घे. पण मी दुकानदाराचं ऐकून गोळ्यावर फिरणारं हेड घेतलं: "बॉलहेड लो साहब, एक स्क्रू में काम."

गॅलरीत कॅमेरा चढवला, स्क्रू जीव खाऊन आवळला, तरी तो हळूहळू पुढे वाकत गेला. तिथूनच मित्राला फोन लावला. "अरे, म्हाताऱ्याने मान टाकली! किती धरून ठेवला, काही उपयोग झाला नाही."

खालच्या गॅलरीत सावंतकाका कपडे वाळत घालत होते.

दहा मिनिटांत बेल वाजली. खांद्यावर टॉवेल टाकून सावंतकाका, मागे बिल्डिंगमधले चार जण. दार उघडलं आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. काका दचकून दोन पावलं मागे सरकले.

आप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि चपला शोधत म्हणाले, "चला, मी पण येतो खांदा द्यायला. कोण गेलं?"