माती माझी, भोपळे तिचे

माझं म्हायेर वरंधचं. तिथं घरामागं परस कसा, सपाट. आनि लगीन होऊन आले ती पोलादपुराच्या वरल्या वाडीत. काय सांगू तुमाला, हितं परसात उभं राह्यचं म्हंजे एक पाय वर नि एक पाय खाली. त्या उतारावर मी हळद लावायची, भेंडी लावायची, पडवळ लावायची, आनि पावसात माती धुपून जायची ती कुठं, तर खालच्या घरी, माझ्या थोरल्या चुलत जावेच्या परसात. तिचे भोपळे हे येवढाले! आनि वर मला म्हनायची, माझ्या हाताला गुन हाय गो. कसला गुन, माती माझी व्हती ती. माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी बोलनंच बंद केलं तिच्याशी.

मालक मुंबयला गोदीत. शिमग्याला आले की म्हनायचे, बांध गनपतीला घालू, गनपतीला आले की म्हनायचे, शिमग्याला घालू. मंग मीच पदर खोचला. व्हाळातले दगड डोक्यावरनं आनले नि कमरेयेवढा बांध रचला. आता मी जन्मभर घर सारवनारी, मला उघड्या फटी बघवंनात. फट दिसली की माती भरली, वरनं शेनानं सारवला, बोटं ओढून नक्षीपन काढली. हसू नका. सगळी वाडी बघून गेली, जाऊ तेवढी आली नाय.

आषाढात पावसानं झोडपलं. सकाळी बघते तर बांधाला पोट आलेलं, आतल्या पान्याला निघायला वाटच नाय. आता बांध फुटनार, हळद, भेंडी, माती, सगळं परत तिच्याच दारात जानार. मी तिथंच बसून रडायला लागले.

तर खालनं जाऊ येतेय, डोक्यावर इरलं, हातात पहार. मला वाटलं, पाडतेय आता. मी आडवी गेले. ती म्हनाली, सर गो, बांध हाय हा, घराची भिंत नाय, पान्यानं जावं कुठनं? आनि पायथ्याच्या फटी मोकळ्या करत सुटली. गढूळ धारा लागल्या, दोघी चिखलानं माखलो. मी म्हनले, बाय, बांध राह्यला तर तुला माती नाय मिळायची. ती म्हनाली, ठाव हाय मला, पर तू वर रडत बसलीस तर मला खाली जेवान जाईल काय?

मालक गनपतीला आले, म्हनाले, हा वाकडा बांध कोनी घातला? मी म्हनले, आमी दोघींनी.

बांधाचं पोट अजून तसंच हाय, पर हलला नाय. तवापास्नं दर चैतात मी वरली माती टोपलीनं नेऊन तिच्या आळ्यात घालते. आता ती थकली, डोळ्यांनी दिसत नाय. भोपळा धरला की हातानं चाचपते आनि म्हनते, माझ्या हाताला गुन हाय गो.

मी म्हनते, हाय बाय, हाय.