शेजारची किल्ली

– तीन करू ना? दोनच? बरं, दोन. म्हणजे तुम्ही पुलापलीकडच्या. कोणी सांगायला कशाला लागतं ताई, तीस वर्षं याच गाळ्यात किल्ल्या कापतोय. इकडचं गिऱ्हाईक तीन मागतं – दोन घरच्या, एक शेजारची. शेजारची म्हणजे शेजाऱ्यांकडे ठेवायची हो, आपण नसताना पाहुणा आला, नळ चालू राहिला, तर उघडायला कोणीतरी हवं ना. तिकडचं गिऱ्हाईक दोन मागतं आणि वर विचारतं, तुम्ही याचा साचा ठेवून घेत नाही ना? तुम्हीही विचारणार होतात, चेहऱ्यावर दिसलं. बसा त्या स्टुलावर, फक्त या पायाला अडखळू नका, वाकत नाही तो, असाच पसरून बसावं लागतं. आणि मध्येच फोन वाजला तर मशीन थांबवेन हं – अकराला घरून येतो, तेवढं चालवून घ्या.

नावाला एकच महानगर, पाणी एकाच धरणाचं, पण पूल ओलांडला की माणूस बदलतो. इकडे पत्ता विचारलात तर दारापर्यंत सोडायला येतील, आणि वाटेत तुमचं लग्न, नोकरी, दुखणं सगळं काढून घेतील. तिकडे रस्ते चकचकीत, झाडांनासुद्धा नंबर, आणि वॉचमन वहीत नाव लिहून घेतल्याशिवाय मान वर करत नाही. मी काय, दोन्हीकडचा – दुकान इकडे, राहायला तिकडे. पुलाच्या रुंदीकरणात आमचं घर गेलं, बदल्यात सातव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. वर्ष झालं. कुठे राहता तुम्ही? पाण्याच्या टाकीपाशी? अहो, टाकीच्या मागची पिवळी बिल्डिंग आमची. वर्षभरात कधी दिसला नाहीत – दिसणार कशा, तिकडे कोणी कोणाला दिसतच नाही.

मी आणि अण्णा, माझे वडील. दोघंच. ब्याऐंशी आहेत. तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णांनी काय करावं – घराची तिसरी किल्ली समोरच्या बाईंना नेऊन दिली. 'असू द्या तुमच्याकडे,' म्हणाले. इकडे साठ वर्षं तेच केलं होतं त्यांनी, त्यांना वाटलं तशी रीतच असते. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले, किल्ली पाकिटात घालून. 'उद्या तुमच्याकडे चोरी झाली तर त्या बाईंनी काय करायचं? पुन्हा असं करू नका.' त्या बाईंचंही चुकलं असं नाही म्हणत मी. पण अण्णा पाकिटाकडे बघत बसले, मग मला विचारतात, 'माझं काही चुकलं का रे?' ती किल्ली तेव्हापासून इथेच, तुमच्या डोक्यामागे खिळ्याला. घरी ठेवावीशी वाटली नाही.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं होतं तिकडे. बायको गेली त्यानंतर इकडे रोज कोणी ना कोणी दार ढकलून आत – जेवलास का, झोपलास का, रडलास का. जीव नकोसा केला माझा. तिकडे पहिल्यांदा दार लावलं आणि लागलेलंच राहिलं. मला सुख वाटलं ते. अण्णांना नाही. ते दार उघडून जिन्यात जायचे, गप्पा मारायला, दार मागे आपोआप लागायचं, मग दिवसभर पायरीवर. सात मजले, कोणी विचारलं नाही, आजोबा इथे का बसलात. दोनदा चालत पुलावर निघाले, घरी जातो म्हणाले. गाड्या बघितल्यात ना पुलावरच्या? मग मी काय करणार?

काय करणार म्हणजे – बाहेरून लावतो. दोनदा फिरवली की आतून उघडत नाही. असं बघू नका. गॅस बंद करून येतो, जेवण झाकून ठेवतो, खिडक्यांना जाळी आहे. आणि अकराला फोन करतात ते, रोज. एक बटण शिकवलंय. एकच प्रश्न – जेवायला येतोस का? मी सांगतो, संध्याकाळी येतो. ठेवून देतात. त्यावरून कळतं, ठीक आहेत.

किती वाजले? नाही, ते घड्याळ पुढे आहे. तुमच्या फोनमध्ये बघा. पावणेबारा?

थांबा जरा.

वाजतोय. उचलत नाहीत. झोपले असतील, डोळा लागतो कधी कधी. पुन्हा लावतो. नाही. वॉचमनचा नंबर? नाही माझ्याकडे. समोरच्या बाईंचाही नाही. वर्षभरात घेतलाच नाही कोणाचा, आणि नावही माहीत नाही हो त्यांचं.

तुम्ही स्कूटरवर आलात ना? वीस मिनिटांत पोचाल. मला दोन बस, दीड तास, आणि हा पाय मागे बसू द्यायचा नाही, आधीच सांगतो. ती खिळ्यावरची काढा – ती नाही, शेजारची. हां, तीच. सातवा मजला, लिफ्टमधून उजवीकडे, शेवटचं दार. दोनदा फिरवा. माझा नंबर त्या पाटीवर आहे, दार उघडलंत की लगेच करा. ओळख ना पाळख, मला कळतंय. मीही निघतोच तुमच्यामागे. आणि जागे असतील तर घाबरतील, कोण म्हणून विचारतील – शेजारून आलेय म्हणा. तेवढं पुरेल त्यांना.

तुमच्या किल्ल्या राहू द्या आता. जा तुम्ही.