आजीची बटाट्यांची कोठी

कोलोराडोतल्या त्या जुन्या खाणगावाचा इतिहास पर्यटकांना सांगणारा गाईड ऑर्विल, हेल्मेटांची पिशवी घेऊन रोपवेच्या रांगेत उभा होता. स्कीइंगवाल्यांच्या गर्दीत, त्याच्या पुढेच दोन म्हाताऱ्या बहिणी बोलत होत्या.

“ताई, ती चांदीची खाण म्हणून दाखवतात ना, ती आपल्या आजीची डोंगरात खोदलेली बटाट्यांची कोठी आहे गं!”

“हळू बोल, एडना.”

“लोक तिथे हेल्मेट घालून वाकून जातात!”

“जाऊ देत. आपणही वाकूनच जायचो.”

“आणि तो गाईड मेलेल्या खाणकामगारांसाठी मिनिटभर गप्प उभा राहतो म्हणे.”

“अगं बाई! तिथे मेलं कोण?”

“बटाटे! एका हिवाळ्यात पोतीच्या पोती गोठली होती.”

“मग सांगायचं का त्याला?”

“सांगायलाच हवं!”

“नको गं. वीस वर्षं उभा राहतोय बिचारा.” ताईंनी मागे वळून विचारलं, “अहो, तुम्हीच सांगा, त्या गाईडला सांगावं की नको?”

ऑर्विलच्या हातून पिशवी निसटली. बारा हेल्मेटं बर्फावरून गडगडत गेली. दोघींनी तोंडावर हात ठेवले.

त्याने सावकाश खिशातून वही काढली.

“बटाटे कोणत्या साली गोठले म्हणालात?”