नाराज माणसासाठी शाल

"हॅलो?… कोण?… अरे, शशिकांतकाका! बोला, बोला… नाही हो, कसला त्रास. रविवार असला म्हणून काय झालं? नाही, कामात नव्हतो. म्हणजे होतो, पण… बोला तुम्ही."

बरकतपुऱ्यातल्या घरी, दिवेलागणीच्या वेळी, पराग पलंगावर मांडी घालून एकतीस माणसं होऊन बसला होता. कंपनीत नेतृत्वाचं प्रशिक्षण देणं हे त्याचं काम, आणि शुक्रवारच्या कार्यशाळेचे एकतीस फीडबॅक फॉर्म त्याच्यापुढे पसरले होते. चार वाजले की भावी नेते कॅबसाठी पळत आणि फॉर्म कोरे राहत. सोमवारी मात्र ते वंदना मॅडमच्या टेबलावर भरलेले लागत. म्हणून पराग कोठीच्या बाजारातून अकरा निरनिराळी पेनं घेऊन आला होता. तेराव्या माणसाला त्याने नुकतंच डावखुरं केलं होतं.

"हौ, ऐकतोय… काय आलं?… मेमो? तुम्हाला? अहो, तुम्ही त्या हॉलमध्ये सतरा वर्षं आहात. खुर्च्या, माइक, प्रोजेक्टर, सगळं तुम्ही बघता. मेमो कशाचा?… एसीचा."

पेन हातातच राहिलं.

"फॉर्मवर कुणीतरी लिहिलं. अच्छा… नाही, मला कसं ठाऊक असणार, मी नुसते गोळा करतो… काय लिहिलंय?… हं… 'हॉल इतका गार असतो की माझ्यातला नेता थिजला.'… नाही काका, हसलो नाही. ठसका लागला."

वाक्य त्याचंच होतं, आणि लिहिताना त्याला ते फार आवडलं होतं. मॅडम पहिल्याच वेळी म्हणाल्या होत्या, सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले तर वरचे लोक विश्वास ठेवत नाहीत. तेव्हापासून पराग प्रत्येक गठ्ठ्यात एक नाराज माणूस घालत आला होता. पाच कार्यशाळांत तो माणूस चांगला बाळसं धरून उभा राहिला. त्याचा उजवा गुडघा दुखायचा, नाश्त्याचा उपमा त्याला बघवत नसे. फॉर्मवर 'नाव (ऐच्छिक)' अशी चौकट होती, ती तो नेहमी कोरी सोडायचा. मॅडम तर त्याच्यावर खूश होत्या. इतकं मोकळेपणाने लिहावंसं वाटतं म्हणजे ट्रेनरने काय विश्वास कमावला असेल! पराग गेल्या महिन्यात सीनियर झाला तो याच नाराज माणसाच्या खांद्यावर बसून.

"मेमोला ते फॉर्मही जोडलेत?… पाच तक्रारी, पाचही एसीच्या… हो, चिकट दिसतोय… उद्या साडेनऊला? मॅडमच्या केबिनमध्ये?… आणि मग?… दुसरा माणूस पाठवा म्हणून काँट्रॅक्टरला कळवणार? असं लिहिलंय त्यात?… काका, घाबरू नका. नाही, तुम्ही नाही, मी… मी म्हणतोय घाबरू नका."

"माझ्याकडून काय हवंय?… त्याचं नाव? नाव ऐच्छिक असतं हो… अक्षरावरून? अक्षरावरून कसं ओळखणार मी… कशाला पण?… माफी? तुम्ही त्याची माफी मागणार?… शाल आणलीय. कोठीहून. बरं… करड्या रंगाची… नाही, छानच असेल… अहो, नारळ कशाला? त्याला थंडी वाजतेय, सत्कार नाही करायचा त्याचा!… हो. रिकाम्या हाताने कसं जायचं, तेही खरंच."

परागने डोळे मिटले, तर डोळ्यांसमोर शशिकांतकाका अंबरपेठेतल्या दुकानातून नारळ हलवून, पाणी वाजतंय का ते ऐकून घेताना दिसले. त्याने डोळे उघडले, तर समोर एकतीस फॉर्म.

"सराव? आत्ता? फोनवर?… हो, तेच शिकवतो मी. 'अवघड बोलण्याच्या चार पायऱ्या.' पहिली म्हणजे… हं, तुम्हीच सांगा… घडलं तेवढं सांगायचं, बरोबर. दुसरी, कारणं द्यायची नाहीत. तिसरी, गप्प बसायचं, समोरच्याला वेळ द्यायचा. चौथी… 'आता मी काय करू' हे त्यालाच विचारायचं. अगदी बरोबर… काका, तुम्हाला हे पाठ कसं?… मागे उभे असायचात… सहाही वेळा?"

शुक्रवारी चार पायऱ्या कुणाला आठवतात असं त्याने विचारलं, तेव्हा एकाने लिफ्ट बंद आहे का असं विचारलं होतं.

"बरं, करू सराव. मी कोण होऊ?… तो? मीच तो होऊ?… नाही, जमेल. बऱ्यापैकी जमेल. बोला, मी नाराज बसलोय."

तो खरोखर सावरून बसला, मान जराशी तिरकी करून. इतक्या दिवसांची ओळख, ती काही वाया जात नाही.

"हं… हं… गुडघा? बराय आता. विचारल्याबद्दल… नाही, तुम्ही पुढे बोला… काका, 'सगळी चूक माझीच' असं नका म्हणू. पाय धरतो वगैरे तर बिलकुल नक्को… अहो, तो काही एवढा मोठा माणूस नाहीये… मला कसं माहीत म्हणजे… एक मिनिट हं. आई, उपमा नको म्हटलं ना! दुसरं काहीही दे!… तुम्हाला नाही, आईला… हो, मला नाही आवडत उपमा… हो, त्यालाही नाही आवडत… असतात अशी माणसं, काका… गुडघा? माझा? उजवा. थोडासाच. जिन्यावर…"

पलीकडे अंबरपेठेत कुणीतरी विचार करायला लागलं होतं. बरकतपुऱ्यापर्यंत ते ऐकू येत होतं.

"काका… थांबा. तुम्ही बोलायच्या आधी मीच बोलतो. तो माणूस नाहीये… नाही, सुट्टीवर नाही. नाहीचये. मी लिहायचो… तो एकटाच नाही, सगळेच. एकतीसच्या एकतीस… चांगलं लिहिणारे पण मीच. मॅडम सगळीकडे सांगतात ना, परागची सरासरी चार पॉइंट आठ? ती माझ्याच अकरा पेनांची सरासरी आहे… पण तसं नाही, ऐका ना. चार वाजता लोक पळतात, मॅडमना फॉर्म पाहिजेत, माझं पहिलंच वर्ष, आणि वर… हो."

"हो, काका. दुसरी पायरी. कारणं नाहीत."

त्याने घसा साफ केला. हीच पायरी तो हातात माइक घेऊन, टेबलाच्या कडेला टेकून फार छान शिकवायचा. टेकायला टेबल नसलं की ती इतकी उंच असते, हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"फॉर्म मी भरले. तक्रार मी केली. तुमचं नाव लिहिलं नव्हतं, एसी म्हणजे तुम्ही हे माझ्या डोक्यातच… नाही, हेही कारणच झालं. खोडलं. तक्रार मी केली. मेमो तुम्हाला आला. झालं. एवढंच."

त्याने फोन कानापासून दूर धरून पडद्याकडे बघितलं.

"हॅलो?… आहात?… हां. मला वाटलं कट झाला… तिसरी पायरी? पण काका, गप्प मी बसायचं असतं… नाही, बसा. तुम्हीपण बसा."

दोघे बसले. आईने स्वयंपाकघरात कुकरचं झाकण लावलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा परागला ती आपल्यालाच उद्देशून वाटली.

"काका, एसी तसा ठीकच होता. मी आपलं काहीतरी लिहायचं म्हणून… काय?… खरंच गार असतो?… किती?… सोळा? अहो, सोळावर कशाला ठेवता तुम्ही? सोळावर माणूस… मी?… मी सांगितलं? कधी?… जानेवारीत."

"हो… हो, आठवलं. जेवणानंतर लोक पेंगतात म्हणून. 'काका, सोळावर टाका, एकाचाही डोळा लागता कामा नये.' मीच… आणि तुम्ही उभे कुठे असायचात?… बरोबर झोताखाली. सहाही वेळा. स्वेटर घालून."

म्हणजे त्या हॉलमध्ये थंडीने थिजलेला एक माणूस खरोखरच होता. तक्रार अगदी खरी होती. फक्त तो माणूस काही बोलला नव्हता, आणि त्याच्या वतीने तक्रार करून परागने त्यालाच मेमो मिळवून दिला होता. ठरवून करायला गेलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं. पुढच्या महिन्यात शहरातल्या ट्रेनर मंडळींपुढे 'शिकवण्यात समाधानाचं करिअर' या विषयावर त्याचं भाषण होतं. त्याचा पहिला मुद्दा होता, समोरच्याचं ऐका.

"मग मेमो आल्यावर तुम्ही मॅडमना सांगितलं का नाही? सांगायचं ना, पराग सरांनीच सोळावर ठेवायला लावला म्हणून… काय?… 'पोरगं नवीन आहे, त्याचं नाव कशाला.' असं म्हणालात घरी… बरं."

"नाही, काही नाही झालं… आहे, आहे लाइनवर… सर्दी आहे थोडी."

त्याने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. ओली बाही लागून तेराव्या फॉर्मवरची शाई जरा पसरली आणि डावखुरा माणूस आणखीच डावखुरा दिसू लागला.

"काका, आता मी काय करू?… नाही, पायरी म्हणून नाही विचारत. खरंच विचारतोय… हो… हो… उद्या साडेनऊला मी येतोच. तुमच्या आधी मी आत जातो… सीनियर? जाईल बहुतेक. नोकरीपण जाईल कदाचित… नाही, तुम्ही नका काही सांगू मध्ये पडून. एकदा तरी माझं नाव येऊ दे."

"अजून काय?… फॉर्म? हो, आहेत की कोरे. नाराज माणसाचाही राहिलाय… तुम्ही भरणार? आत्ता?… खरंच की, तुम्हाला कधी दिलाच नाही मी. सहाही वेळा बसलेले, म्हणजे उभे, तुम्ही एकटेच. थांबा, पेन घेतो… कुठलंही चालेल. माझं नेहमीचं घेतो."

"विषय समजला का? पाचपैकी… पाच? काका, उगाच नका देऊ. खरं सांगा… हो, पाठ आहेत तुम्हाला, ते तर झालंच… बरं. पाच."

सहा कार्यशाळांत मिळालेला तो पहिला पाच त्याने जरा जास्तच हळू काढला.

"प्रशिक्षकाने तुमचं ऐकून घेतलं का?… एक. हो… नाही, शून्याची चौकटच नाहीये, एकच लिहितो. हॉलची व्यवस्था?… 'गार.' नुसतं गार?… लिहिलं. शेवटचा. शिकलेल्याचा उद्या कामात उपयोग कराल का?… मी? फॉर्म तुमचा आहे, काका… हो. करीन. लिहितो, 'साडेनऊला.'"

"नाव ऐच्छिक आहे. सोडू कोरं?… लिहू. पूर्ण?… शशिकांत एकनाथराव… हं, लिहिलं. खाली प्रशिक्षकाचं नाव असतं, मी नेहमी नुसता सहीचा कोंबडा काढतो… हो, तेही पूर्ण लिहितो."

"चला, ठेवू?… हां, ती शाल. परत द्या की दुकानात… नको, मला नको. मला द्यायची ती काय, काका… नाही, खरंच नक्को. नारळ तर मुळीच… काय म्हणालात?… मॅडमच्या केबिनमध्येपण?… तिथेपण सोळाच?"

"… मग आणा."