सासूबाई, दोन सबवूफर आणि आधी मायनस

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय अवघड होतं हो, लाल वायर लालला लावायची, काळी काळीला!" अहो, लाल लालला आणि काळी काळीला लावूनच तर माझी पिकअप पेटली! पेटली म्हणजे अगदी भडका नाही उडाला, पण धूर... इतका धूर, इतका धूर, की समोरच्या घरातली म्हातारी टोपलीत भात घेऊन आली, म्हणाली, "मासे भाजताय वाटतं?" मासे कसले, वायर भाजत होतो! तुम्हाला सांगतो, आयुष्यात बाकी काही शिकू नका, पण एवढं मनगटावर गोंदवून घ्या. गाडीच्या बॅटरीला हात लावायचाय? आधी मायनस! बायकोचं ऐकू नका, मेव्हण्याचं तर मुळीच ऐकू नका... आधी मायनस!

आता तुम्ही म्हणाल, थाविन, तू बदकांची अंडी विकणारा माणूस, तुला गाडीत सबवूफर कशाला हवेत? बरोबर आहे! मलाही नको होते! पण माझी सासू... चानपेन तिचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर, डावा कान साफ बंद, आणि उजवा? उजवा ऐच्छिक! "आई, औषध घ्या" ऐकू यायचं नाही, "आई, पपईचं सॅलड" हे तीन घरं पलीकडून ऐकू यायचं. पण आठ वर्षांपूर्वी तोही गेला हो. आणि ही बाई कोण? आमच्या गावात कुणाचाही मुलगा भिक्खू व्हायला निघाला, की मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचणारी बाई! लग्नात हिने मला पहिल्यांदा बघितलं ते नाचता नाचताच, आणि तिथूनच ओरडली, "हाच का तो? उंची कमी आहे!" अशी बाई आठ वर्षं मिरवणूक निघाली की ओट्यावर बसते. "नाचा की आई!" अशी खूण केली तर म्हणते, "तोंडं हलतायत, हात हलतायत, आणि आवाज नाही. पाण्याखालची माणसं वाटतात रे. मी कशावर नाचू?"



तर झालं असं, की गेल्या महिन्यात सरपंचांच्या पुतण्याची मिरवणूक होती. भाड्याची गाडी आणलेली, भिंतीएवढे स्पीकर! सासूबाई चपलेत खडा गेला म्हणून त्या गाडीला हात टेकून उभ्या राहिल्या. खडा निघाला. हात तसाच. मग पायाची बोटं हलली. मग टाच. मग वळून, बहिरी माणसं ओरडतात ना तशा, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "थाविन! ऐकू येतंय! अरे, हाताला ऐकू येतंय!"

मी धावत निघालो, पण जवळ पोहोचायच्या आत पुढचं वाक्य आलं, "आपल्या पोंगच्या मिरवणुकीला हेच पाहिजे!" पोंग म्हणजे माझा मुलगा. वर्षावासाआधी, म्हणजे भिक्खू पावसाळ्यापुरते विहारात मुक्कामाला बसतात त्याआधी, तो चीवर घेऊन भिक्खू होणार होता, आणि हातात फक्त चार आठवडे! भाड्याच्या गाड्या? सात जणांना फोन केले, सातही जण हसले. वर्षावासाच्या आधी गाडी मागायची म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरी शोधण्यातला प्रकार!

आणि इथे, मंडळी, प्रवेश झाला माझ्या मेव्हण्याचा. नाव कोप. कोप म्हणजे आमच्याकडे बेडूक, आणि आईबापांनी फार विचार करून ठेवलंय हो! दोन लग्नं झालेला, पण कुठल्याही यंत्राचं पुस्तक एकदाही न उघडलेला माणूस. म्हणाला, "दाजी, भाडं कशाला? मी बसवतो की आपल्या पिकअपला! दोन बारा इंची सबवूफर आहेत माझ्या मित्राकडे, अँप्लिफायर आहे, वायर तर घरातच आहे!" घरात कुठे? तर जुन्या पंख्याची! पंख्याची वायर, शेवयांएवढी बारीक! मी म्हटलं, "कोप, ही जरा किरकोळ नाही वाटत?" तर म्हणे, "दाजी, वीज कुठे जाडी बघते?"

बघते हो! वीज जाडीच बघते! पण तेव्हा मला कुठे माहीत?

कोपला सामान जमवायलाच साडेतीन आठवडे लागले. मग रविवारची सकाळ. गाडीत अंड्यांचे सोळा ट्रे, बाजारात न्यायचे. मी म्हटलं, आधी हे उतरवू. "दोन मिनिटं दाजी, नुसती ट्रायल!" लावलं गाणं. आणि... धुम्! धुम्! धुम्! अहो, काय सांगू, छातीत कुणीतरी भात कांडतंय असं वाटलं! आरसा थरथरतोय, नंबरप्लेट टाळ्या वाजवतेय, आणि मागे बघतो तर अंडी चालायला लागलीयेत! खोटं नाही, ट्रेमधल्या ट्रेमध्ये अंडी डुलत डुलत, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, आत बसलेली पिल्लं निघाली असावीत शाळेला! सासूबाईंनी गाडीला तळवा लावला आणि एकच गिरकी! मी नाचलो, कोप नाचला, माझी बायको लामयाय स्वयंपाकघरातून पपई कापायचा सुरा हातात घेऊन नाचत बाहेर आली, मला जन्मात इतका आनंद झाला नव्हता हो! तीन मिनिटं!

चौथ्या मिनिटाला वास आला.

मला वाटलं, लामयायने मडक्यातले आंबवलेले मासे काढले असतील. लामयायला वाटलं, मी पाय धुतले नसतील. आणि मग बॉनेटच्या फटीतून धूर! कोप ओरडला, "बंद केलं दाजी, गाणं बंद केलं!" गाणं बंद, धूर चालू! आता सांगा, हे कसं काय? गाणं बंद केलं तर वायर थंड व्हायला नको? नाही ना! कारण आमच्या शहाण्याने इंजिनाच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतलेली, भोकाला रबर नाही, काही नाही, पत्र्याच्या धारेवर वायर घासली, सोलली, आणि थेट बॅटरीतून गाडीच्या अंगात वीज! मध्ये फ्यूज असता तर बिचारा जळून मेला असता आणि आम्हाला वाचवून गेला असता. पण फ्यूज म्हटल्यावर कोप काय म्हणाला होता? "फ्यूज उडत राहतात दाजी, कटकट नको!"

मी पाना घेतला. आणि इथे मी जगातला सगळ्यात मोठा गाढवपणा केला. मला वाटलं, लाल म्हणजे धोका, तर आधी लाल काढू! पाना लावला प्लसला, फिरवला, आणि पान्याचं दुसरं टोक लागलं पत्र्याला... च्याट्ट्! अहो, दिवसाढवळ्या वीज कोसळली! ही बघा, ही डावी भुवई, अजून अर्धीच आली आहे! पाना उडाला तो थेट बदकांच्या डबक्यात! म्हणून सांगतो, आधी मायनस! मायनस काढलं की मग पान्याने पत्र्याला टाळी दिली तरी काही होत नाही. आणि लावताना? लावताना मायनस सगळ्यात शेवटी!

मी बोंबलतोय, कोप बादली शोधतोय, आणि लामयाय? आली, लाकडी ठोकळा वायरच्या खाली सरकवला, लाकडी मुठीचा सुरा उचलला, "बाजूला व्हा हो," आणि खाट्! बॅटरीपाशीच वायरचे दोन तुकडे. धूर थांबला. चारशे ऐंशी अंड्यांपैकी फुटली किती, ते मला विचारू नका, बदकांची मान खाली गेली होती.

आणि सासूबाई अजून तळवा लावून उभ्या. "का रे थांबलं? छान होतं की. पुढचं लाव."

मी मान हलवली. नाही म्हणून.

तर त्यांनी हात काढला, नेसलेल्या लुंगीला पुसला, आणि आत गेल्या. दार आपटलं असतं तर चाललं असतं हो... आपटलं नाही. नुसतं ओढून घेतलं.

मिरवणूक तीन दिवसांवर. मी त्याच दुपारी तालुक्याला गेलो मलिवनताईंकडे. गाड्यांना स्पीकर बसवणारी बाई, पंचावन्न वर्षांची, अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. दुसऱ्या दिवशी आल्या. जळकी वायर बघितली, मग कोपकडे बघितलं, मग माझ्या भुवईकडे. म्हणाल्या, "या घरात अक्कल कुणाला आहे?" आम्ही दोघांनी एकदमच लामयायकडे बोट केलं. मलिवनताई म्हणाल्या, "मग पाना यांच्याकडेच द्या. काय काढायचं आधी?" लामयाय म्हणाली, "मायनस." मी चौदा वर्षं गाडी चालवतोय, मला नाही माहीत, आणि हिला माहीत!

मग ताईंनी कोपचं काम उलगडायला घेतलं, आणि प्रत्येक वायरीला एक शिवी! अंगठ्याएवढी जाड वायर आणली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. भोकाला रबरी रिंग. विजेची वायर गाडीच्या डाव्या अंगाने, गाण्याची उजव्या अंगाने, "शेजारी ठेवलीत तर इंजिन गाण्यात घुसून कण्हतं." काळी वायर कोपने रंगावरच आवळली होती, ताईंनी पॉलिश पेपर घेऊन पत्रा असा घासला, असा घासला, चांदीसारखा चमकेपर्यंत! "रंगाला वीज कळत नाही, थाविनभाऊ. नागडा पत्रा लागतो."

मग आले ओहम, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा मोजायचं माप. मी म्हटलं, ताई, हे मला जन्मात कळणार नाही. म्हणाल्या, "बदकं पाळता ना? खुराड्याला दोन दारं शेजारी शेजारी उघडली तर?" म्हटलं, सगळी एकदम बाहेर, माझी धावपळ होऊन जीव जातो! "आणि एक दार ओलांडून पुढे दुसरं दार असेल तर?" म्हटलं, हळूहळू येतात, मी विडी ओढत बसतो. "झालं! प्रत्येक सबवूफर चार ओहमचा. या बेडकाने दोन्ही शेजारी जोडले, झाले दोन. तुमच्या अँप्लिफायरच्या पोटावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय? चारच्या खाली नको! जीव जात होता त्याचा. आता एकामागे एक जोडते, होतील आठ. निवांत विडी ओढेल."

कोप म्हणाला, "पण आवाज कमी होईल ना ताई?"

तुम्हाला सांगतो, बेडूक पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला. कारण तेच तर होतं सगळं! आवाज कमी, म्हणजे धक्का कमी, म्हणजे त्या हाताला...? ताईंनी ओढून घेतलेल्या दाराकडे बघितलं. त्यांना लामयायने सांगितलं असावं. म्हणाल्या, "कानासाठी नाहीये ना? हातासाठी आहे ना? मग खोका मागच्या फाळक्याला बोल्ट मारून घट्ट आवळते. आवाज गेला उडत." आणि मला बोट दाखवून, "गाणं वाढवायचं नाही. कितीही मोह झाला तरी!" मग तपासलं, मीटर लावलं, परत तपासलं, आणि सगळ्यात शेवटी मायनस.

मिरवणुकीचा दिवस. पोंगचं डोकं भादरलेलं, पांढरे कपडे, मित्रांच्या खांद्यावर. मी पहिल्या गिअरमध्ये, डोळे आरशात. सासूबाई आल्या, जांभळी रेशमी लुंगी, लामयाय दंडाला धरून. फाळक्यावर तळवा ठेवला. कोपने गाणं लावलं.

काही नाही.

नुसत्या उभ्या! एक ओळ गेली, दुसरी गेली... माझा हात आवाजाच्या बटणावर, वाढवू? ताईंचं बोट डोळ्यांपुढे, नको! वाढवू? नको! घाम असा वाहतोय... आणि सासूबाईंनी एक चप्पल काढली, लाथेने बाजूला उडवली. मग दुसरी. आणि निघाल्या हो! एक तळवा फाळक्यावर, दुसरा हात हवेत, बोटं अशी मागे वळलेली, दीड किलोमीटर! गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी येऊन फाळक्याला तळवे लावले! एकीला विचारलं, तुम्हाला तर नीट ऐकू येतं ना? "येतं की, पण असं नाही!"

विहाराच्या फाटकाशी गाणं बंद करायचं असतं. कोपने केलं. सगळे थांबले. सासूबाईंचा हात फाळक्यावरून सुटला, आणि त्या... नाचतच राहिल्या. डोळे मिटलेले. तशाच आत शिरल्या, विहाराभोवतीच्या तीन प्रदक्षिणांच्या वाटेवर! सगळं गाव माझ्याकडे बघतंय, सांग की तिला! मी? मी सांगू? तेवढ्यात मिरवणुकीत गाडीमागून चालणारा एक म्हातारा ढोलवाला होता ना, त्याने त्यांच्या पायांकडे बघितलं, आणि त्या पावलांवर ढोलाचा ताल धरला. हळूच. त्या पुढे, ढोल मागे, माझा मुलगा खांद्यावर, तिन्ही प्रदक्षिणा! मंडळी, तेव्हा धूर कुठेच नव्हता, तरी माझे डोळे झोंबत होते.

नंतर सावलीत बसवलं, पाणी दिलं. म्हटलं आता तरी, बावीस वर्षांत एकदा तरी, जावयाला चार बरे शब्द... माझ्याकडे बघून म्हणाल्या काय? "गाडी ठीक होती. ढोलवाला मागे पडत होता!"

बरं, झालं ना? संपलं? नाही! परवा मला हाक मारली. "थाविन, मलिवनला विचार, हे घरात बसतं का? खाटेखाली? पहाटे मला जाग येते, एकटं वाटतं." आता आठ वर्षं शांततेत पडून राहिलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार, सांगा? काल ताई येऊन खाट मोजून गेल्या. खाट आमच्या खोलीच्या भिंतीला अगदी चिकटून आहे म्हणाल्या, भिंतीलाच बोल्ट मारते, धक्का छान बसेल. आणि सासूबाईंना जाग येते ती पहाटे साडेतीनला!