ट्रेमधलं तांबं

ती : चाळीस मिनिटं झाली सर, तांब्याची प्लेट ट्रेमधल्या द्रावणातच आहे. अजून रेघ नखाला लागेल इतकी खोल कोरली गेली नाहीये.

सर : थंडी आहे पोरी. गारठ्यात फेरिक क्लोराइड तांबं खायला सुस्तावतं, आता हेही मीच सांगू?

ती : ट्रेखाली गरम पाणी ठेवलंय.

सर : मग भुकटी जुनी असेल. झाकण सैल राहिलं की हवेतलं पाणी पिऊन तिचा चिखल होतो.

ती : सीलबंद डबा सोमवारी मी स्वतः फोडला. भुकटी ठणठणीत कोरडी होती. पाण्यात टाकली तर बादली हात लावू देईना, इतकी तापली. रंग कोऱ्या चहासारखा. आज बघा, हिरवट झालाय.

सर : जरा हिरवट होतंच.

ती : तांबं पोटात गेल्यावर होतं, तुम्हीच शिकवलंत. आठ वर्षं तुमच्या हाताखाली हेच करतेय मी. सोमवारपासून माझी ही पहिलीच प्लेट. आधी कुणी बुडवली?

सर : मीच. जुनं एक काम होतं. म्हातारपणीचा चाळा.

ती : तुमच्या नखांवरचे पिवळे डाग मंगळवारीच दिसले होते मला. वाटलं, चला, सरांचा हात पुन्हा चालायला लागला. वेड्यासारखी खूश झाले होते मी.

सर : झालं तर मग. उलटतपासणी कशाला?

ती : टिपकागदांच्या गठ्ठ्यात तुमच्या प्लेटवरून छापलेला हा ठसा सापडला म्हणून.

(ती ठसा टेबलावर ठेवते.)

सर : बाकावर झोपलेली बाई. साधा विषय आहे, कुणालाही सुचेल.

ती : चोरीला जाऊ नयेत म्हणून चपला पोटाशी धरून झोपलेली? एका पायाला चारच बोटं असलेली? ही माझी आई आहे सर. दवाखान्यात तिच्यासमोर बसून काढलीय मी. आणि कोपऱ्यात सही तुमची.

सर : पाच वर्षं धड एक रेघ सुचली नाही मला. प्रदर्शनवाले रोज फोन करतात. काय टांगू भिंतीवर?

ती : मागितलं असतंत तर कदाचित दिलंही असतं. असा केसाने गळा का कापलात?

सर : अजून बाहेर काही गेलेलं नाही. सही घासून काढतो, तुझं नाव घाल.

ती : ते राहू द्या. मार्चमध्ये हे चित्र दाखवलं तेव्हा म्हणालात, ‘कच्चं आहे, ठेवून जा माझ्याकडे.’ खरंच कच्चं वाटलं होतं?

सर : नाही.

ती : मग?

सर : बघताक्षणी कळलं, हे मला जन्मात जमलं नसतं.

ती : जायच्या आधी आई दोनदा म्हणाली, माझं चित्र दाखव ना. मी म्हटलं, नको गं, मला नाही जमलं.