घाण कोणाची?

...आणि त्याच तोंडाने माझ्याशी बोलायला येतो हो तो! शी! तुम्हाला सांगते, माझा नवरा जेनेझियो, नातवंडं झालेला माणूस, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहतो, केळ्याचा तुकडा स्वतःच्या ओठांत धरतो, आणि आंब्यावरून ते मुठीएवढं सागुई माकड उतरतं, कानाला पांढरे झुपके, आणि तो तुकडा घेतं... कसं? तोंडाला तोंड लावून! वर हा त्याचा मुका घेतो! लाळ मिशीला!

मी ओरडायचे, "अरे, रोग लागेल मेल्या!"

"अगं इरासेमा, आपला पिटोको लेकरू आहे गं!"

लेकरू! लेकरू उवा खातं का चिमटीत धरून? तोंडाला तोंड लावून, शी!

मग एक दिवस माझ्याच ओठावर हा एवढा फोड! ठसठसतोय, पाणी सुटतंय. म्हटलं, आलं की नाही माकडाचं? नवऱ्याला ओढत नेलं जनावरांच्या डॉक्टरणीकडे. पोरगेलीच ती, लुसीमारा. म्हटलं, "बघा बाई, याच्या माकडाने मला काय दिलं!"

तिने माझा ओठ पाहिला आणि चटकन मागे सरकली. "ताई, हे माणसांचंच दुखणं आहे. बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून मुक्कामाला असतं. तुम्हाला नुसता फोड येतो. पण तुमच्याकडून त्या माकडाला गेलं, तर ते जिवानिशी जातं."

म्हणजे... घाण मी?

जेनेझियो पांढराफटक! कारण काय, तर दोन दिवसांपूर्वी रात्री त्याने माझा मुका घेतला होता आणि दुसऱ्या सकाळी पिटोकोचा. तोंडाला तोंड लावून! आणि तेव्हापासून पिटोको फिरकला नव्हता. हा माणूस घेवड्याच्या ताटावर रडला हो! माझी आई गेली तेव्हा नव्हता रडला!

आठवड्याने आला मेला पिटोको, टुणटुणीत, पाठीवर दोन पिल्लं घेऊन, त्यांच्यात म्हणे बापच पिल्लं वागवतो. खरं सांगू? मलाही हायसं वाटलं. जेनेझियो खिडकीकडे धावला... आणि मध्येच थबकला. तोंडाला फडकं बांधलं, लांबूनच केळं ठेवलं. म्हटलं, सुटले! फोडही वाळला होता, लिपस्टिक लावली, गाल पुढे केला. तर हा दोन पावलं मागे!

"नको गं. डॉक्टरबाई म्हणाल्या, फोड गेला तरी ते आत असतंच. पिटोकोच्या जिवाशी खेळ नको."

आता माझा कॉफीचा कप वेगळा. रंगाने नाव लिहून ठेवलंय वर, 'इरासेमा'. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी माझ्या नावावर केलं!